एका खुणेवरून दुसरी

आमच्या गावात बसमधून उतरणारा प्रत्येक माणूस आधी मान वर करतो. देशातला सगळ्यात प्रसिद्ध डोंगर थांब्याच्या बरोबर समोर उभा आहे, त्यामुळे त्याच्याकडे न बघता उतरायचं म्हटलं तरी जमत नाही. पोस्टाच्या तिकिटावर तो, बिस्किटांच्या डब्यावर तो, भूगोलाच्या पुस्तकावर तो. आमच्या घरात त्याला ‘थोरले’ म्हणतात. मोठ्या घरातल्या थोरल्या दिरासारखंच त्याचं आहे. बोलत नाही, हलत नाही, इकडची काडी तिकडे करत नाही, आणि सगळं घर मात्र त्याच्या तब्येतीकडे बघून चालतं. थोरल्यांनी तोंडावर ढग ओढले की हॉटेलं ओस. थोरले प्रसन्न असले की रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही.

मी वाटा-खात्याच्या माहिती खिडकीत बसते. लोक खिडकीतून डोकं आत घालून विचारतात, वर जायचा रस्ता कुठला, आणि मी उजवीकडे बोट दाखवते. डावीकडे बोट दाखवायची वेळ क्वचित येते. डावीकडच्या वाटा थोरल्यांना वळसा घालून मागे जातात. पहिली देवदाराच्या झाडांमधून जाते, तिथे पायाखाली इतकी जाड पानगळ असते की स्वतःचं पाऊल ऐकू येत नाही. मग ओढा, ओढ्याकाठचं गवताचं पठार, त्यावर उन्हाळ्याच्या सुरुवातीला निळी फुलं. मग कणा. कणा म्हणजे एक लांब, अरुंद धार, दोन्ही बाजूंना उतार आणि एका जागी तर सरळ कडाच. कण्याच्या पलीकडे मागचं तळं. या सगळ्या वाटा माझ्या मामाच्या.

मामाच्या म्हणजे सातबाऱ्यावर नाव असल्यासारख्या नव्हेत. तो त्या रंगवायचा. दगडावर हातभर लांबीचा पिवळा पट्टा मारायचा, की त्या पट्ट्यांच्या मागे मागे माणूस न चुकता जावा आणि न चुकता परत यावा. नखांतला पिवळा रंग कधी गेला नाही म्हणून बाजारात त्याला ‘पिवळे’ म्हणत. नवीन आलेल्या पोस्टमनने तेच आडनाव समजून पत्रांवर लिहायला सुरुवात केली आणि मामाने ते कधी दुरुस्त केलं नाही.

मुळात तो पाट्या रंगवणारा. तरुणपणी गावातल्या निम्म्या हॉटेलांच्या पाट्या त्याच्या हातच्या. प्रत्येक हॉटेलवाल्याला पाटीवर थोरले हवे असायचे, वर पांढरी टोपी आणि मागे सूर्य. मामा म्हणायचा, मी इतके थोरले काढलेत की आता माझ्या हाताला दुसरा डोंगर येतच नाही. त्याच सुमारास खात्याला मागच्या वाटांवर खुणा करायला कुणीतरी हवा होता. मामा एका दिवसासाठी म्हणून गेला. मामीच्या म्हणण्याप्रमाणे तो अजून परत आलेला नाही, फक्त जेवायला येतो.

मामीचं दुकान बाजारातल्या गल्लीत, न्हाव्याच्या शेजारी. पाठीवरच्या पिशव्यांच्या चेनी, पट्टे, बकल, बुटांची शिवण. थोरल्यांवर चढणाऱ्यांची पिशवी नेमकी आदल्या दिवशीच फाटते हा जगाचा नियम आहे, आणि त्यावर मामीचं घर उभं राहिलं. इतकी वर्षं डोंगराच्या पायथ्याशी राहून ती ना कधी पुढून वर गेली, ना मागून. म्हणायची, मी शिवलेले पट्टे सगळीकडे जाऊन आलेत, मला वेगळं जायची काय गरज. खरं म्हणजे तिला उंचीची भीती वाटायची, पण ‘भीती’ हा शब्द तिच्या तोंडून काढायला पक्कड लागली असती.

लहानपणी मी मामाबरोबर जायचे. प्रश्न विचारून विचारून त्याचं डोकं उठवायचे, म्हणून त्याने मला ‘वकीलबाई’ म्हणायला सुरुवात केली, ते आजतागायत. त्याच्या कामाची रीत मला तेव्हापासून ठाऊक. झालेल्या खुणेपाशी उभं राहायचं. पुढे बघायचं. जो दगड आपणहून डोळ्यात भरेल तो धरायचा. शोधावा लागला तर तो दगड चुकीचा. मग त्या दगडापर्यंत चालत जायचं, मागे वळून आधीची खूण दिसते का ते बघायचं, आणि मगच ब्रश बाहेर काढायचा. अंदाजाने खूण करायची नाही. इथे मागच्या वर्षी दगड होता, म्हणजे यंदाही असेलच, असलं काही नाही. एका खुणेवरून दुसरी दिसली पाहिजे, आज, या घटकेला, या डोळ्यांना.

आणि गरजेपेक्षा एकही जास्त नाही. यावर तो फार कडक होता. खुणा जास्त झाल्या की माणूस खुणाच बघत चालतो, तो म्हणायचा. मान खाली घालून पिवळं मोजत तळ्यापर्यंत जायचं असेल तर घरच्या अंगणात फिरलेलं काय वाईट?

तर, मागच्या हंगामाच्या शेवटाकडे एक नवरा-बायको माझ्या खिडकीशी आली. मध्यमवयीन, हसतमुख, बुटांना वाळलेला चिखल. त्यांनी डावीकडचा रस्ता विचारला होता, म्हणून मला आठवत होती. कण्यावरून येऊन ती खूश होती. नुसती चौकशी करावी तसं नवऱ्याने विचारलं, की तुमच्या त्या धारेला गोवर आलाय का? बायको हसली, म्हणाली, पिवळा गोवर. जिकडे बघावं तिकडे पट्टे. मीही हसले. खात्याने नवीन पोरं लावली असतील, त्यांनी डबे रिकामे केले असतील, असं काहीतरी बोलले. ती गेल्यावर मात्र हसू ओसरलं. खात्याने कुणाला लावलेलं नव्हतं. कण्यावर मामाशिवाय कुणी ब्रश घेऊन जात नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी गेले. घरी सांगितलं नाही.

देवदाराच्या झाडीतल्या खुणा जुन्या, लांब लांब, जशा असायच्या तशाच. पठारावरही ठीक. पठार संपलं तिथून ताज्या रंगाच्या खुणा सुरू झाल्या आणि तिथूनच काहीतरी बिघडत गेलं. आधी वाटलं, बरं झालं, इथे धुकं फार असतं. मग दोन जुन्या खुणांच्या मध्ये एक नवी. मग दोन नव्या. कण्यावर पोचले तेव्हा समोर जे होतं ते बघून मला त्या नवरा-बायकोचा राग आला आणि लगेच कळलं की त्यांनी काही खोटं सांगितलं नव्हतं. एक पट्टा, थोडं अंतर, दुसरा पट्टा, त्याहूनही कमी अंतर, तिसरा. प्रत्येक पट्टा काळजीने मारलेला, कडा सरळ, दोन्ही बाजूंनी, जाणाऱ्यासाठी आणि परतणाऱ्यासाठी. घाईचं काम नव्हतंच ते.

मी एका खुणेपाशी उभी राहिले, मामा उभा राहतो तशी. हवा स्वच्छ होती. मला पुढच्या कितीतरी खुणा एका नजरेत दिसत होत्या, आणि पलीकडे धारेच्या टोकाला मामाची वर्षानुवर्षांची जुनी खूण, फिकट झालेली, पण दिसत होती. मग ही मधली खूण इथे का? आणि मला उत्तर मिळालं. आधीच्या खुणेपाशी उभं राहून मामाला इथवरच दिसलं होतं.

तो जुन्या खुणांवर नुसता ब्रश फिरवू शकला असता. सगळे दगड त्याच्या हातांना पाठ होते, डोळे मिटून जाऊन आला असता आणि जगात कुणालाही पत्ता लागला नसता. पण त्याने तसं केलं नाही. नेहमीसारखा उभा राहिला, जेवढं दिसलं तेवढ्यावर खूण केली, तिथे जाऊन पुन्हा उभा राहिला. अख्ख्या धारेवर त्याने स्वतःच्या डोळ्यांचा हिशेब लिहून ठेवला होता आणि त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. मी तिथेच दगडावर बसले आणि रडले. मला रडायला फार आवडत नाही, नाक लाल होतं. पण त्या दिवशी इलाज नव्हता.

कड्याच्या जागी पोचल्यावर रडू आपोआप थांबलं. तिथे दगडावर पिवळा रंग सांडलेला होता, आणि सांडलेला ओघळ सरळ कड्यावरून खाली गेला होता. काही दिवसांपूर्वी मामा रिकाम्या हातांनी घरी आला होता आणि डब्याची कडी तुटली म्हणाला होता. मी वाकून खाली बघितलं. डबा दिसला नाही, इतकं खोल होतं. त्यानंतरची वाट मला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की कणा उतरल्यावर खुणा थांबल्या होत्या आणि तळ्यापर्यंतचा शेवटचा उतार, जिथल्या जुन्या खुणा बर्फाने केव्हाच पुसल्या होत्या, तसाच कोरा राहिला होता.

गावात आले ती थेट मामीच्या दुकानात. ती एका पिशवीचा पट्टा उसवत होती. मी सगळं सांगितलं. पट्टा उसवणं थांबलं नाही. शेवटचा टाका निघाल्यावर तिने कात्री खाली ठेवली आणि म्हणाली, ‘‘मला माहीत आहे.’’

जाड सुईत दोरा ओवून द्यायचं काम सकाळी मामाचं. लग्न झाल्यापासूनचं. गेल्या काही महिन्यांपासून तो सुई-दोरा घेऊन उजेडात जातो म्हणून बाहेर जायचा आणि बऱ्याच वेळाने ओवलेली सुई आणून द्यायचा. मामीने ताकास तूर लागू दिली नाही. पण दोऱ्याला रोज बारीक बारीक केस चिकटलेले असायचे, कधी काळे, कधी पांढरे. तो शेजारी न्हाव्याकडून ओवून आणत होता.

‘‘मग तू बोलली का नाहीस?’’ मी विचारलं.

‘‘ह्यांना वाटत होतं मला कळलेलं नाही. वाटू दे म्हटलं. झाकली मूठ असते एखाद्याची.’’ मग कड्यावरच्या ओघळाचं तिला पुन्हा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा तिने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर तिने दुकानाची फळी ओढली. भर बाजाराच्या वेळी मामीचं दुकान बंद झालेलं मी प्रथमच बघत होते.

संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो. त्यांचं स्वयंपाकघर लहान, टेबल भिंतीला टेकलेलं, एक खुर्ची ओढली की दुसरी दाराला लागते. दारामागे मामाचा जुना कोट. मामा गप्पा मारत होता, हंगाम संपायच्या आत तळ्याचा तुकडा उरकायला हवा, हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, असं त्याचं चाललं होतं. मामी माझ्याकडे बघत नव्हती. म्हणजे बोलायचं काम माझंच होतं. माझ्या तोंडाचा पट्टा गावात प्रसिद्ध आहे, पण त्या संध्याकाळी तो कुठे अडकला कोण जाणे.

‘‘मामा, मी कण्यावर जाऊन आले,’’ मी शेवटी म्हटलं.

‘‘अरे वा. कशी आहे वाट?’’

‘‘वाट छान आहे. खुणा फार झाल्यात.’’

त्याचा हात ताटातच राहिला.  त्याने ‘काहीतरीच काय’ म्हटलं असतं तर मी भांडले असते, भांडायची मला सवय आहे. पण त्याने हळूच विचारलं, ‘‘किती जवळ आल्यात गं?’’

त्या प्रश्नाने मला पार मोडलं. अंतर किती उरलंय हे त्याला दुसऱ्याला विचारावं लागत होतं. खोटं बोलावंसं वाटलं. पण याच माणसाने मला शिकवलं होतं की अंदाजाने खूण करायची नाही.

‘‘ह्या टेबलापासून त्या दारापर्यंत. शेवटी शेवटी त्याहूनही कमी.’’

मामा दाराकडे वळला. कोटाकडे बघत बसला. ‘‘मला वाटायचं हवाच धूसर आहे,’’ तो म्हणाला. ‘‘रोज म्हणायचो, आज जरा धूसर आहे. उद्या मोकळं होईल.’’

मी विचारलं, मग तू जुन्याच खुणांवर रंग का नाही मारलास, तुला तर सगळं पाठ आहे. त्याला हा प्रश्नच विचित्र वाटला. म्हणाला, पाठ असलेल्या माणसाला खूण कशाला लागते? ती ज्याला पाठ नाही त्याच्यासाठी. मग मामीकडे वळून, ‘‘तुला माहीत होतं?’’

‘‘न्हाव्याला सांगा, हात झटकून ओवत जा म्हणावं.’’

मामा आधी हसला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही तळहातांनी डोळे झाकून बसला. मामीने उठून त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. मी भांडी घासायला घेतली, जी माझ्या घरी मी कधी घासत नाही.

शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. डोळ्याच्या मागचा पडदा मधोमध झिजलाय, गेलं ते परत येणार नाही, उरलेलं टिकवायला इंजेक्शनं घेऊ, असं त्यांनी सरळ सांगितलं. मामाने एवढंच विचारलं की डोंगरावर जाता येईल का. एकट्याने नाही, त्या म्हणाल्या. परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला आणि मामी त्याला बाहेर काय काय दिसतंय ते सांगत बसली. ‘‘म्हशी. विटांची भट्टी. आता एक बाई छत्री घेऊन चाललीय, ऊन नाही, काही नाही.’’ त्याने अधूनमधून विचारावं, कुठल्या रंगाची, आणि तिने वैतागून सांगावं.

खात्यात तो स्वतः गेला, इस्त्रीचा शर्ट घालून. आमचे साहेब म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारे गृहस्थ, कण्यावर त्यांनी कधी पाऊल ठेवलेलं नाही. पण माणूस वाईट नाही. त्यांनी मामाला बसवून चहा दिला, पुढच्या हंगामापासून वाटा दोन तरुण माणसांकडे देऊ म्हणाले, आणि जास्तीच्या खुणांचं काही मनावर घेऊ नका, राहू द्यात तशाच. मामाला हेच लागलं. राहू द्यात कशा? चालणाऱ्याला आंधळं समजायचं का? त्या खरवडायच्या, तो म्हणाला, आणि तळ्याचा तुकडा मी पुरा करून देईन, मग ब्रश ठेवीन. साहेबांनी हो म्हटलं. मामीने नाही म्हटलं.

मामीचं ‘नाही’ म्हणजे भिंत. डबा गेला तिथे तुम्ही गेला असता तर मी कुणाच्या जिवावर राहायचं होतं, एवढंच ती म्हणाली. तो भांडला नाही. तिच्या दुकानात येऊन बसायला लागला. चेनींच्या रनरचा एक डबा होता, वर्षानुवर्षांचा गोंधळ, मोठे-लहान, पितळी-प्लास्टिकचे सगळे एकत्र. तो बोटांनी चाचपून ते वेगळे करायचा. गिऱ्हाईक आलं की विचारायचा, कुठून आलात, आणि थोरल्यांवर चाललोय असं उत्तर आलं की मान हलवायचा. मी खिडकीतून सुटले की चक्कर मारायचे. त्याने कधी तक्रार केली नाही, आणि तेच बघवत नव्हतं. डोंगरावरून दमून येणारा मामा मला माहीत होता, दिवसभर बसून दमलेला हा माणूस नवीन होता.

हवा थंड व्हायला लागली होती. थोडे दिवस आणखी, मग मागच्या वाटा बंदच. एका सकाळी मी कामाला जाताना गल्लीत बघते तो मामीच्या दुकानाला फळी, आणि बाहेर ती उभी. अंगात मामाचा जुना कोट, पायात कुणीतरी दुरुस्तीला टाकून परत न नेलेले बूट, पाठीवर तीन वेगवेगळ्या पिशव्यांच्या पट्ट्यांची शिवलेली एक पिशवी. शेजारी मामा, हातात रंगाचा डबा, चेहऱ्यावर लहान मुलासारखा अविश्वास.

‘‘रजा टाक,’’ ती मला म्हणाली. ‘‘डबा तू धर. आणि तुम्ही,’’ ती मामाकडे वळली, ‘‘माझ्या नजरेबाहेर गेलात तर मी तिथून खाली उतरेन आणि परत तुमच्याशी बोलणार नाही.’’

झाडीत ती ठीक चालली. ओढ्यापाशी तिने एकदा बुटांचा आणि एकदा बूट टाकून जाणाऱ्या माणसाचा उद्धार केला. पठारावर फुलं संपलेली होती, गवत सोनेरी झालं होतं आणि वाऱ्याने एका बाजूला निजत होतं. मामी थांबली, म्हणाली, हे असं आहे होय, आणि पुढे चालू लागली. कण्यावर मात्र तिने मामाचा दंड जो धरला तो सोडला नाही. बघणाऱ्याला वाटावं ती त्याला सांभाळतेय. तिचे डोळे घट्ट मिटलेले होते हे मी मागून येत असल्यामुळे मला कळलं नाही, मामाने नंतर सांगितलं. डोळे मिटलेली बाई आणि डोळे गेलेला माणूस असे दोघं ती धार पार करून गेले, आणि मी बावळट मागे निवांत होते.

मामीला धारेच्या टोकाला बसवून मी मामाला घेऊन मागे वळले. खरवडायचं काम माझं. तारेच्या ब्रशने घासायचं आणि वरून माती चोळायची. मामा माझ्या शेजारी उभा राहून विचारायचा, इथून पुढचं काय दिसतं, त्याच्या पुढचं? मग सांगायचा, मधल्या सगळ्या काढ. एकही राहू देऊ नकोस. आपलीच खूण काढताना त्याचा आवाज कुठे हलला नाही. एकदा त्याने खरवडलेल्या दगडावरून हात फिरवला आणि म्हणाला, चांगला मारला होता गं पट्टा. मला वाटलं आता आपण परत रडणार, पण तेवढ्यात मामी ओरडली.

ती धारेच्या टोकाला बसली होती आणि तिने डोळे उघडले होते. समोर थोरले होते, पाठीकडून. पुढून पांढरी टोपी आणि रुबाब. मागून मातीचे ओघळ, घसरलेले दगड, अर्धवट वितळलेला मळका बर्फ. घरात बनियनवर बसलेल्या साहेबासारखे.

‘‘हे असले होय?’’ मामी म्हणाली. तिला ते फार आवडले. परत जाऊन सगळ्या हॉटेलवाल्यांना सांगेन म्हणाली.

कण्याखालच्या कोऱ्या उतारावर मामाने कामाची वाटणी केली. डोळे मामीचे, हात त्याचे. ती झालेल्या खुणेपाशी उभी राहील. आम्ही दोघं पुढे जाऊ. ती ओरडेल, दिसतंय, दिसतंय, आणि दिसेनासं व्हायला लागलं की पुरे म्हणेल. त्याच्या अलीकडचा चांगला दगड धरायचा. तळं खाली चकाकत होतं. उतार मोकळा, झाड नाही, झुडूप नाही, आरपार नजर जाईल असा. मला वाटलं, चार-पाच खुणांत संपेल काम.

मामी खुणेपाशी उभी राहिली. कपाळावर हाताचा आडोसा धरला. आम्ही उतरायला लागलो. थोडंसंच गेलो असू.

‘‘पुरे,’’ मामी ओरडली.

मामा थांबला. तिने दम खायला सांगितलं असेल असं वाटून मी मागे बघितलं. पण ती हात हलवून सांगत होती, पुरे, आता दिसत नाही, तिथेच मारा. मामाने हाताने दगड चाचपला, पट्टा मारला. मग ती खाली आली, त्या खुणेपाशी उभी राहिली, आणि आम्ही पुढे निघालो. पुन्हा थोडंसं गेलो नाही तो तेच. पुरे. दिसत नाही. तिसऱ्यांदाही तेच. उन्हात तिचा चेहरा मला इथून दिसत होता, कोटाची तुटकी गुंडी दिसत होती, आणि तिला म्हणे आम्ही दिसत नव्हतो.

मामा दगडाशी वाकला होता. वाकूनच, तिला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्याने मला विचारलं, ‘‘वकीलबाई, खरं सांग. तिला इथून आपण दिसतोय ना?’’

मी वर बघितलं. मामी एका हाताने कोट गळ्याशी धरून उभी होती. वारा होता, आणि ती आमच्याकडे अशी बघत होती की मध्ये ढग आला असता तर तोही बाजूला झाला असता.

‘‘स्वच्छ दिसतोय, मामा. आणखी पुष्कळ पुढे गेलो तरी दिसू.’’

 त्याने ब्रशसाठी हात पुढे केला.

‘‘ती नाही म्हणाली ना,’’ तो म्हणाला, ‘‘मग इथेच.’’